गळकी गच्ची, बारगळलेला ठराव आणि पटवून देण्याचं शास्त्र

प्रश्न : मी डोंबिवलीतल्या २८ घरांच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. इमारत ३२ वर्षांची, घरं सगळी सारख्याच क्षेत्रफळाची. गच्ची गळते, जिन्याचं प्लास्टर सुटलंय, पार्किंगच्या छताच्या सळ्या दिसायला लागल्यात. स्ट्रक्चरल ऑडिट झालं, दुरुस्तीचा अंदाज ४२ लाख आला. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीत, २० लाख आहेत. मागच्या सभेत मी ठराव मांडला तो बारगळला. खरं तर तयारी भरपूर केली होती. फोटो, आकडे, कवितेच्या ओळी, ‘ही वास्तू आपली आई आहे’ असं आवाहन, सगळं होतं. त्यावर एक निवृत्त काका उठून म्हणाले, “हे वक्तृत्व झालं, आता मुद्द्याचं बोला.” टाळ्या त्यांना मिळाल्या. माझं घर सर्वात वरच्या मजल्यावर आहे, यावरूनही कुजबुज चालते. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी वार्षिक सभा आहे. वक्तृत्व म्हणजे नक्की काय? ते लोकांना गुंडाळणं आहे का? नसेल, तर सात-आठ मिनिटांत मी काय बोलू? मागच्या भाषणाचा मसुदा, सभेचं इतिवृत्त आणि ऑडिटचा अहवाल सोबत जोडलाय.

उत्तर :

नमस्कार सेक्रेटरीबाई,

काकांची तक्रार फार जुनी आहे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोने ‘गॉर्जिअस’ या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडून तीच वदवली. वैद्य पथ्य सांगतो, आचारी जिभेला आवडेल ते रांधतो, आणि वक्ता हा त्या आचाऱ्याच्या जातकुळीतला, असं त्याचं म्हणणं. प्लेटोचाच शिष्य ॲरिस्टॉटल याने मात्र या विषयावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. त्याची व्याख्या अशी, की समोर जे प्रकरण आहे त्यात पटवून देण्याची कोणकोणती साधनं हाताशी आहेत, ते हेरण्याची क्षमता म्हणजे वक्तृत्व. आधी हेरायचं, मग बोलायचं. रोमन शिक्षक क्विंटिलियन याने पहिल्या शतकाच्या अखेरीस त्यात चारित्र्याची अट घातली. चांगला माणूसच चांगला वक्ता होऊ शकतो, असं तो म्हणे.

रोमन परंपरेत वक्त्याची कामं पाच : मुद्दे शोधणं, ते लावणं, भाषा देणं, लक्षात ठेवणं आणि सादर करणं. सोळाव्या शतकात पेट्रस रामुस नावाच्या फ्रेंच पंडिताने यातली पहिली दोन उचलून तर्कशास्त्राच्या खात्यात टाकली. वक्तृत्वाकडे उरली ती शैली आणि सादरीकरण. आपल्या शाळांतल्या वक्तृत्व स्पर्धा पाहिल्या तर शेवटी रामुसच जिंकला म्हणायचं. आवाजाचे चढउतार, हातवारे, पाठ केलेली सुभाषितं यांना गुण मिळतात. मुद्दा कुठून आणलास, असं कुणी विचारत नाही.

तुमचा मसुदा याच उरलेल्या दोन कामांवर उभा आहे, आणि काका वैतागले ते त्यालाच. त्यांना हवा होता तो मुद्दा शोधणं हे मूळ शास्त्रात वक्त्याचं पहिलं काम. म्हणजे वक्तृत्व जास्त झालं असं तुम्ही समजू नका. त्याचा पहिला अर्धा भाग करायचाच राहून गेला. एक गंमत म्हणजे ग्रीक परंपरेनुसार या शास्त्राचा उगम सिसिलीतल्या सिराक्यूज शहरात झाला. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात तिथली हुकूमशाही उलथल्यावर लोक आपापली बळकावलेली मालमत्ता परत मागायला न्यायसभेपुढे उभे राहिले, आणि बोलायचं कसं हे शिकवणारे गुरू तयार झाले. तेव्हा सोसायटीच्या सभेत हे शास्त्र वापरायला संकोच नको, जन्मच त्याचा घरादाराच्या भांडणातला आहे.

आता इतिवृत्त उघडा आणि मसुदा शेजारी ठेवा. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात हर्मागोरस नावाच्या ग्रीक शिक्षकाने कुठलाही वाद नेमका कुठे अडलाय हे शोधायची रीत बसवली. त्याचा ग्रंथ हरवला, पण रोमन वक्ता सिसेरो आणि क्विंटिलियन यांच्यामुळे ती रीत टिकली. चार प्रश्न क्रमाने विचारायचे. गोष्ट आहे का? असल्यास तिला काय म्हणायचं? ती कितपत गंभीर, कितपत योग्य? आणि हा निर्णय इथे, आत्ता, या माणसांनी, या पद्धतीने घ्यावा का? दोन्ही पक्ष ज्या प्रश्नावर पहिल्यांदा वेगळे होतात, तिथे वाद अडलेला असतो. त्याच्या आधीच्या प्रश्नांवर खर्च केलेलं प्रत्येक मिनिट वाया जातं.

तुमच्या भाषणाचा जवळजवळ पाऊण भाग पहिल्या प्रश्नावर आहे. गळती आहे, भेगा आहेत, सळ्या दिसतात, हे बघा फोटो. पण इतिवृत्तात ‘गळती नाही’ असं एकही सभासद म्हटलेला नाही! लोक काय म्हणाले ते पाहा. “मागच्या रंगकामाचा हिशोब मिळाला नाही.” “एकाच कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन का?” “वरच्या मजल्याने जास्त द्यावं.” “रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग आता पैसे कशाला घालायचे?” पहिले दोन आक्षेप चौथ्या प्रश्नातले : काम करायचं, पण या पद्धतीने नको. तिसरा दुसऱ्या प्रश्नातला, म्हणजे हे सोसायटीचं काम म्हणायचं की कुणाच्या घरचं? चौथा आक्षेप तिसऱ्या प्रश्नातला. तुम्ही फोटो वाढवत गेलात आणि लोक हिशोबाची वाट बघत बसले. अशा वेळी सभासदांना वाटतं, ही बाई आपला प्रश्न टाळतेय.

या चारांपैकी तीन आक्षेपांना भाषणात उत्तर देण्याची गरजच पडू नये, अशी सोय सभेआधी करता येते. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. त्या नोटिशीसोबत मागच्या रंगकामाचा एका पानाचा हिशोब जोडा : बिलं, तारखा, शिल्लक. निदान तीन कोटेशनं एकाच तक्त्यात, एकाच मोजमापावर मांडा. नाहीतर एक कॉन्ट्रॅक्टर चौरस फुटाचा दर सांगतो, दुसरा एकरकमी आकडा देतो, आणि तुलना होतच नाही. गच्चीची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती थांबवणं ही सोसायटीने स्वखर्चाने करायची कामं आहेत असं आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, म्हटलेलं आहे. तुमच्या नोंदलेल्या उपविधींतलं ते कलम शब्दशः टंकून त्याच कागदावर घाला. ॲरिस्टॉटल अशा गोष्टींना कलेबाहेरची साधनं म्हणतो. कायदे, साक्षी, करारपत्रं ही वक्त्याने घडवायची नसतात, नुसती वापरायची असतात. ती कागदावर पोचली की तुमची सात मिनिटं मोकळी होतात.

रिडेव्हलपमेंटचा आक्षेप वेगळा आहे, कारण तो शहाणपणाचा आहे. दोन वर्षांत इमारत पाडायचीच असेल तर ४२ लाख घालणं खरोखर चूक ठरेल. इथे प्रामाणिकपणे विचार करा, की तुमच्याकडे त्याचं उत्तर आहे का? सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या निर्देशांप्रमाणे होणाऱ्या रिडेव्हलपमेंटच्या प्रक्रियेत तुमची सोसायटी कुठल्या पायरीवर आहे? सल्लागार नेमलाय? ठराव झालाय? काहीच झालेलं नसेल तर तेच सांगायचं. काही झालेलं असेल तर तुमची मागणीच बदलायला हवी. अभियंत्याकडून कामांचे दोन भाग पाडून घ्या, धोक्याची आणि सोयीची, आणि पहिल्या भागापुरताच ठराव मांडा. पटवण्याची साधनं शोधता शोधता आपली मागणीच जास्त होती हे कळतं, असं पुष्कळदा होतं. शास्त्राचा हा उपयोग कुणी सांगत नाही, पण आमच्या मते सर्वात मोठा तोच.

दुसरी चूक काळाची आहे. ॲरिस्टॉटलने भाषणांचे तीन प्रकार केले. न्यायसभेतलं भाषण भूतकाळाबद्दल असतं, दोष कुणाचा ते ठरवतं. गौरवाचं किंवा निंदेचं भाषण मुख्यतः वर्तमानाबद्दल असतं. आणि सभेतल्या सल्लामसलतीचं भाषण भविष्याबद्दल, पुढे काय केलं तर हित होईल याबद्दल. मसुद्यातली क्रियापदं पेन्सिलने अधोरेखित करून बघा. “मागच्या कमिटीने लक्ष दिलं नाही”, “तेव्हाच केलं असतं तर निम्म्यात झालं असतं”, “वारंवार सांगूनही कुणी ऐकलं नाही”. हा खटला झाला. समोर मागच्या कमिटीचे लोक बसलेले, त्यांनी बचाव मांडायलाच हवा, आणि एकदा बचाव सुरू झाला की ठरावाचं नाव निघत नाही. भूतकाळातलं एकच वाक्य ठेवा, ऑडिट कधी झालं ते. बाकीची सगळी क्रियापदं ‘करू’, ‘होईल’, ‘राहील’ अशी करा.

भावनेकडे येऊ. ‘आई’ काढून टाका. ज्या घराचा मेंटेनन्स थकलाय त्या घराच्या मालकाला आईची आठवण करून दिली की त्याला अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटलेला माणूस मत द्यायला हात वर करत नाही, वक्त्याची खोडी काढतो. भावनेला हात घालणं वाईट नाही, पण भावना कुठली आणि ती कशी जागी होते हे माहीत हवं. ॲरिस्टॉटलने दुसऱ्या भागात एकेका भावनेची चिरफाड केली आहे : माणूस कोणत्या मनःस्थितीत असतो, कुणाविषयी त्याला तसं वाटतं आणि कोणत्या कारणाने. भीतीबद्दल त्याची दोन निरीक्षणं तुमच्या उपयोगाची आहेत. लांबच्या संकटाला माणूस भीत नाही. आपण मरणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मरण जवळ दिसत नाही म्हणून कुणी त्याची काळजी करत नाही. दुसरं असं, की भीतीमुळे माणूस विचारविनिमय करू लागतो खरा, पण सुटकेची आशा असेल तरच. जिथे काही उपाय नाही तिथे कुणी सल्लामसलत करत नाही.

तुम्ही कोसळलेल्या परक्या इमारतींचे फोटो दाखवलेत. ते संकट लांबचं. आणि त्यानंतर लगेच ४२ लाखांचा आकडा टाकलात, म्हणजे सुटकेची वाटही बंद. मग लोकांनी चहा घेतला नि घरी गेले, यात नवल नाही. क्रम उलटा हवा. संकट जवळ आणा, पार्किंगमधल्या फुगलेल्या छताचा एकच फोटो आणि त्याखाली रोज उभ्या राहणाऱ्या गाड्या. ‘हे कुणाच्याही डोक्यावर पडू शकतं’ हे वाक्य मुद्दाम म्हणू नका. ऐकणाऱ्याने स्वतः जोडलेला दुवा त्याला आपला वाटतो. ॲरिस्टॉटल ज्याला पटवण्याचा गाभा मानतो तो अनुमानाचा प्रकार बहुतेक वेळा याच जोरावर चालतो. एखादी पायरी श्रोत्याला आधीच मान्य असते म्हणून ती न बोलता सोडायची. मात्र सोडलेली पायरी खरोखर सर्वमान्य हवी. ‘छत पडलं तर इजा होते’ ही सोडता येते. ‘म्हणून हाच कॉन्ट्रॅक्टर नेमावा’ ही सोडलीत तर लबाडी होईल.

आणि संकटाच्या पाठोपाठ लगेच वाट दाखवा. सिंकिंग फंडातले २० पैकी १४ लाख मोठ्या दुरुस्तीसाठी सभेच्या ठरावाने वापरायचे. उरले २८ लाख, घरं २८. घरटी १ लाख, म्हणजे २० महिने दरमहा ५,०००. हा हिशोब तुमच्या मसुद्यात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात दडलाय! तो दुसऱ्या मिनिटाला यायला हवा. ४२ लाख लपवू नका, दोन्ही आकडे एकाच दमात सांगा. आणि खजिनदारांना सोबत घेऊन एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा, कारण तो येणारच : काम चार-पाच महिन्यांत संपणार आणि हप्ते वीस महिने चालणार, मग मधले पैसे कोण घालणार? टप्प्याने पैसे देण्याचं कॉन्ट्रॅक्टरशी लेखी ठरवलंय, काही सभासद एकरकमी भरतायत, की बँकेचं कर्ज घेताय? तिथे तुम्ही अडखळलात तर आधीची सहा मिनिटं धुऊन निघतील.

युक्तिवादाचा भाग आपल्या न्यायदर्शनाच्या, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राच्या, साच्यात घातला तर सुटसुटीत होतो. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन असे पाच अवयव. पार्किंगच्या छताची दुरुस्ती याच वर्षी करायला हवी, ही प्रतिज्ञा. कारण आतल्या सळ्या गंजतायत, हा हेतू. गंजलेली सळई फुगते, मूळ पोलादापेक्षा गंज कितीतरी जास्त जागा घेतो, तो आतून काँक्रीट फोडतो आणि फुटलेल्या जागेतून आणखी पाणी शिरतं; जसं मागच्या बाजूच्या सज्जाचं झालं, हे उदाहरण. पार्किंगच्या छताला तेच तांबूस डाग आणि तोच फुगवटा आहे, हा उपनय. म्हणून दरवर्षी काम वाढत जाणार, तेव्हा याच वर्षी, हे निगमन. यात सगळ्यात कामाचं काय, तर उदाहरण. ते सभासदांनी डोळ्यांनी पाहिलेलं हवं. तुमच्या मसुद्यात ‘तज्ज्ञांच्या मते’ चारदा आलंय आणि सज्जा एकदाही नाही.

आता वरच्या मजल्याची कुजबुज. वक्त्यावरचा विश्वास तीन गोष्टींवर उभा राहतो असं ॲरिस्टॉटल म्हणतो, व्यवहारातली समज, सचोटी आणि श्रोत्यांबद्दलचा सद्भाव. आणि हा विश्वास आधीच्या नावलौकिकातून नव्हे, त्या भाषणातूनच निर्माण व्हायला हवा. तुम्ही कुजबुजीकडे दुर्लक्ष केलंत, म्हणून ती वाढली. पहिल्याच वाक्यात बोलून टाका :

“माझं घर सर्वात वर आहे. गच्ची दुरुस्त झाली तर पहिला फायदा मला होणार, हे आधीच सांगते. म्हणून गच्चीचं बोलणं शेवटी ठेवलंय. सुरुवात पार्किंगपासून करू, तिथून आपण सगळेच जातो.”

यानंतर आभार, मान्यवर, उपस्थिती वगैरे काही नको. रोजच्या शेजाऱ्यांपुढे ‘सन्माननीय सभासद बंधुभगिनींनो’ म्हटलं की आपण भाषण करतोय हे जाहीर होतं आणि ऐकणारा सावध होतो. शैली मुद्दाम घडवलेली दिसू नये, ती दिसली की लोकांना डाव वाटतो, हेही ॲरिस्टॉटलने तिसऱ्या भागात लिहून ठेवलंय. कवितेच्या ओळी त्याच कारणासाठी गाळा. विशेषणं गाळा : ‘भयावह गळती’पेक्षा ‘जिन्यात बादली ठेवावी लागते’ हे जास्त ऐकू येतं. अलंकार हवाच असेल तर एकच पुरे. ठरावाचं एक वाक्य पक्कं करा, “धोक्याचं काम दिवाळीनंतर लगेच, महिना ५,०००” असं काहीतरी, आणि भाषणात तीनदा त्याच्यावर या : सुरुवातीला, आक्षेपांची उत्तरं देऊन झाल्यावर, शेवटी. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक अभंग घेतात, निरूपण करतात, उत्तररंगातलं आख्यान सांगून पुन्हा मूळपदावर येतात. घरी जाताना श्रोत्याच्या तोंडात तो अभंगच राहतो.

वेळेची वाटणी साधारण अशी करा. स्वतःचा फायदा आणि पार्किंगची स्थिती यांना दीड मिनिट. ठराव आणि पैशांचा हिशोब, एक मिनिट. कारणं दोन मिनिटं. आक्षेप आणि त्यांची उत्तरं अडीच. शेवटी ठरावाचं वाचन, अर्धं मिनिट. सावकाश बोललं तर मिनिटाला ११० ते १३० शब्द होतात, म्हणजे साडेसात मिनिटांना ९०० शब्द फार झाले. मसुदा त्याच्या दीडपट आहे. पाठ करू नका, मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर घ्या. आवाज वगैरे जसा आहे तसा ठीक आहे. माइक हातात धरत असाल तर हनुवटीपासून चार बोटं लांब धरा, एवढं पुरे.

आक्षेपांना एवढा वेळ का, असं वाटेल. विरोधकाने उभं राहून म्हणायच्या आधी त्याचं म्हणणं तुम्हीच मांडलंत, तेही त्याने मांडलं असतं त्यापेक्षा चांगलं, तर त्याच्याकडे नवं बोलायला उरत नाही आणि कुंपणावरचे लोक तुमच्याकडे झुकतात. चूक होते ती इथे, की आक्षेप लंगडा करून मांडला जातो. “काही जणांना खर्च नकोय” हा लंगडा आक्षेप. “पेन्शनवर घर चालतं, महिन्याला ५,००० काढणं कठीण आहे” हा खरा. त्याला उत्तरही खरं लागतं : ज्यांना जड जाईल त्यांच्यासाठी हप्ता लहान आणि मुदत मोठी करता येईल का, ते कमिटीत आधी ठरवा. तुमचे काका निवृत्त आहेत हे विसरू नका. हिशोब मागणाऱ्याचा खरा प्रश्न कधीकधी ऐपतीचा असतो, आणि तो भरसभेत कुणी बोलून दाखवत नाही.

इतिवृत्तात दुसऱ्या मजल्यावरचे एक सभासद दिसतात, त्यांची गोष्ट निराळी. आधी म्हणाले पैसे नाहीत, मग म्हणाले रिडेव्हलपमेंट, मग कॉन्ट्रॅक्टर वाईट, मग नोटिशीची तारीख चुकली. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ म्हणजे गौतमाची न्यायसूत्रं, त्यांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची नुसती मोडायची ती वितंडा. वितंडेला मुद्देसूद उत्तरं देत बसणं हीच तुमची चूक झाली; प्रत्येक उत्तरातून पुढचा फाटा फुटला. तिथे एकच शांत प्रश्न विचारायचा : “तुमची सूचना काय आहे? ती ठराव म्हणून मांडा, अनुमोदक घ्या, त्यावरही मत घेऊ.” बाजू मांडावी लागली की वितंडा थांबते. न्यायशास्त्रात विषय सोडून बोलणं, प्रतिज्ञा बदलणं अशी २२ निग्रहस्थानं आहेत, तिथे पकडला की प्रतिवादी हरला. सोसायटीत तसं पकडायची हौस करू नका. हरलेला माणूस उद्या जिन्यात भेटायचाच असतो, आणि हप्ताही त्याच्याकडूनच घ्यायचा असतो.

राहिला प्रश्न गुंडाळण्याचा. एक कसोटी वापरता येते : जी युक्ती तुम्ही वापरलीत ती मतदानानंतर सभासदांना उघड सांगता येईल का? ‘हिशोब आधी पाठवला, म्हणजे सभेत त्यावर वेळ जाऊ नये’ हे सांगता येतं. ‘ऑफर उद्या संपतेय असं खोटंच म्हटलं’ हे सांगता येत नाही. ‘सगळ्यांचं म्हणणं आहे’ असं म्हणताना चारच जणांशी बोलला असाल तर तेही बसत नाही. शब्दाचे दोन अर्थ घेऊन समोरच्याला अडकवण्याला न्यायसूत्रं वाक्छल म्हणतात. तुमच्या मसुद्यात त्याच्याच जवळचा एक नमुना आहे. ‘ऑडिटरने इमारत धोकादायक ठरवली’ असं तुम्ही लिहिलंय, पण सोबतच्या अहवालात ‘दुरुस्तीयोग्य’ म्हटलंय आणि ‘धोकादायक’ हा शब्द फक्त पार्किंगच्या दोन जागांपुरता आहे. हे वाक्य बदलाच. कुणीतरी अहवाल वाचलेला असतोच.

सभेची वेळ मात्र तुमच्या बाजूने आहे. ग्रीक वक्ते योग्य क्षणाला फार मान देत. सप्टेंबरच्या शेवटी भिंती अजून ओल्या असतात, जिन्यात बुरशीचा वास असतो. हाच ठराव फेब्रुवारीत मांडला तर पाऊस कुणाच्या ध्यानात नसतो, आणि तेव्हा मंजूर होऊनही पावसाआधी काम उरकणं जड जातं. आत्ता मंजुरी, दिवाळीनंतर काँक्रीटची कामं, उन्हाळ्यात गच्ची, असा कार्यक्रम ठरावातच लिहा. ‘दुरुस्तीबाबत चर्चा करणे’ असा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घातलात तर चर्चाच होईल. त्याऐवजी दोन वेगळे ठराव शब्दशः छापा : पहिला कामाची यादी आणि खर्चाची कमाल मर्यादा मंजूर करण्याचा, दुसरा सिंकिंग फंडातली रक्कम आणि हप्ते ठरवण्याचा. हप्त्यांवर मतभेद झाले तरी काम मंजूर झालेलं राहील. असं दोन भागांत मांडतोय आणि का मांडतोय, हेही नोटिशीत लिहून टाका.

नोटीस सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायला हवी. त्याआधी एका संध्याकाळी हिशोबाचं पान घेऊन काकांकडे जा. ठरावाला पाठिंबा मागू नका, एवढंच विचारा, “काका, यात काय राहिलंय ते बघता का?” ते चुका काढतील, त्या दुरुस्त करा आणि मग छापायला द्या.